चढवलेला महिना

त्या धुलाईच्या कारखान्यात नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला दोन गोष्टी सांगायची रीत होती. रोलरमधून बाहेर येणाऱ्या चादरीला मधोमध हात लावायचा नाही, भाजतं, टोकंच धरायची. आणि इस्त्रीताईंशी वाद घालायचा नाही. हरशील ती हरशील, वर अर्धा तास ऐकूनही घ्यावं लागेल.

इस्त्रीताई पंचेचाळिशीच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि पाठ अशी ताठ की रोज सकाळी आधी स्वतःला रोलरमधून काढून मगच घराबाहेर पडत असाव्यात. बोलणंही तसंच, एक चुणी सापडायची नाही. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण ते इतकं चिकटलं की हजेरीला खरं नाव पुकारलं की त्या स्वतःच मागे वळून बघत, ही कोण नवीन आली म्हणून.

शहरातल्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथं धुवायला येत. खालच्या मजल्यावर धुण्याची यंत्रं, वरच्या मजल्यावर इस्त्री. रोलर म्हणजे पिंपाएवढ्या जाडीचा, खोलीभर लांब, वाफेनं तापलेला लोखंडी नळ. एका बाजूनं ओली चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूनं ती कोरडी, कडक होऊन बाहेर येई. बाहेर येणारी चादर धरायला दोघी लागत. दोघींनी टोकं पकडायची, मागे सरकायचं, ताणायची, मग एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची, परत मागे, परत पुढे. एक चादर संपते तोवर दुसरी आलेली. असं दहा तास. बसायला तिथं काही नव्हतं, कारण बसून चादर धरता येत नाही.

अशा दोघींना जोडी म्हणत, आणि मजुरी जोडीला मिळे, चादरी मोजून. एक आजारी पडली की दुसरीचाही दिवस बुडाला. त्यामुळे बाईचं डोकं दुखतंय, पाळी आलीय की चुकलीय, हे तिच्या नवऱ्याआधी तिच्या जोडीदारणीला कळे. इस्त्रीताई म्हणत, "नवरा रुसला तर जेवण तरी शिजतं. जोडीदारीण रुसली की चूलच थंड."

मजल्याच्या एका कडेला, खिडकीखाली, एक लांब बाक होता. तिथं बसून हातरुमालांच्या घड्या घालायच्या, अभ्र्यांची बटणं तपासायची. गरोदर बाईला सातवा महिना लागला की दवाखान्याचा कागद दाखवून बाकावर बसता येई, आणि बाळंतपणानंतर तिची जागाही राहत असे. पण सातव्याच्या आधी नाही. त्याआधी कुणी म्हणालं, पाय सुजलेत, चक्कर येते, तर मुकादम म्हणे, घरी जाऊन विश्रांती घे. अशी विश्रांती घ्यायला गेलेली बाई परत कामावर दिसत नसे.

हा नियम झाला तोच मुळी इस्त्रीताईंमुळे. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या पोटुशी असताना रोलरपाशीच उभ्या होत्या, कारण तेव्हा सगळ्याच उभ्या असत. सातवा नुकता लागलेला. कंबर दुखतेय, दुखतेय म्हणता म्हणता दुपारी पायावरून पाणी आलं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाला आणि दिवेलागणीला गेला. सासू म्हणाली, सातव्या महिन्यातलं जगतं म्हणतात, हे काही जगलं नाही, आपलं नशीब. नशिबाच्या पायाखाली दहा तास सिमेंटची फरशी होती, हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मालकाच्या मात्र आलं, कारण बाई यंत्राजवळ पडली असती तर भानगड झाली असती. म्हणून बाक आला. इस्त्रीताईंना पुढे मूल झालं नाही. नवरा परगावी कामाला गेला तो तिकडचाच झाला.

नियम आला आणि पाठोपाठ त्याची पळवाटही आली. ती इस्त्रीताईंनीच काढली. त्या म्हणाल्या, "माझं गेलं तेच सातव्यात. मग सातव्यात बाक मिळून काय त्याचं लोणचं घालायचं? तो पाचव्यात हवा." मुकादमाला कागद हवा होता ना, तर कागदच तसा आणायचा. दवाखान्यातली बाई विचारते, शेवटची पाळी कधी आली? तेव्हा तारीख दीड महिना आधीची सांगायची, की पाचवा संपता संपता कागदावर सातवा लागलाच. याला त्या मजल्यावर महिना चढवणं म्हणत. कुणालाही दिवस गेले की ती आधी इस्त्रीताईंकडे येई, आणि त्या बोटांवर मोजून तिला तारीख काढून देत. ती तारीख बाई अशी पाठ करी की तिच्या स्वतःच्या लग्नाची तारीख ती विसरली असती.

खोटं ते खोटंच. पण नियम करणाऱ्यानं सातवा महिना कुठल्या पोटाला विचारून ठरवला होता? काट्यानं काटा काढावा, तसं ते चाललं होतं, आणि वर्षानुवर्षं कुणाचं वाईट झालं नव्हतं. फार तर काय, कागदावर दिवस उलटून जात आणि दवाखान्यातली बाई घाबरे. एकदोघींना उशीर झाला म्हणून दाखलही करून घेतलं. त्या चार दिवस खाटेवर लोळून आल्या. बाक मिळाला तो मिळाला, वर खाटही मिळाली, म्हणून सगळ्या हसल्या. उलटं होईल, बाळ वेळेआधीच येईल आणि तेव्हा हा कागद आडवा येईल, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. इस्त्रीताईंच्याही आला नाही, आणि खरं तर त्यांच्याच यायला हवा होता.

इस्त्रीताईंना एक भाऊ, बारा वर्षांनी लहान. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. तो कारखाना बंद पडला आणि भाऊ मिळेल तिथं, मिळेल तेव्हा रोजानं जाऊ लागला. त्याची बायको वीस वर्षांची, अंगानं अशी बारीक की चादर ताणताना चादरच हिला ओढून नेईल, असं बायका म्हणत. पहिली मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा तिला शेजारणीकडे ठेवून ही कामाला आली. इस्त्रीताईंची जुनी जोडीदारीण काम सोडून गेली होती, तिच्या जागी ही उभी राहिली. नणंद-भावजयीची जोडी लागली म्हणून मजल्यावर चार दिवस करमणूक झाली. "आता ताई घरचंही ऐकवणार आणि रोलरवरचंही," बायका म्हणाल्या. पण झालं उलटंच. भावजय बोलायची कमी आणि ऐकायची जास्त, आणि इस्त्रीताईंना आयुष्यात पहिल्यांदा असं माणूस मिळालं होतं की ज्याला रागवावंसंच वाटत नाही. त्यांचा जीव जडला तिच्यावर.

पहिली अजून रांगत होती तोच भावजयीला पुन्हा दिवस गेले. घरात भरवशाची कमाई तिची एकटीची. दुष्काळात तेरावा महिना. इस्त्रीताईंनी भावाला दोन शब्द सुनावले ते सुनावलेच, पण आता जे पोटात आलं ते जगवायचं, हे त्यांनी मनाशी घट्ट धरलं. आपलं गेलं तसं हिचं जाऊ द्यायचं नाही. चौथ्या महिन्यात तिला दवाखान्यात नेलं, तेही अर्धा दिवस बुडवून. वाटेत तारीख घोटून घेतली. भावजयीनं ती न अडखळता सांगितली. दवाखान्यातली बाई म्हणाली, सोनोग्राफी करून घ्या, मोठ्या इस्पितळात होते. मोठं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आणखी एक दिवस बुडणार, दोघींचा. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. पोट चाचपून ती बाई असंही म्हणाली, "महिन्याच्या मानानं पोट लहान दिसतंय. खात नाहीस का नीट?" बाहेर आल्यावर दोघींना हसू आवरेना. पोट बिचारं खरं बोलत होतं आणि उपाशी ठरत होतं.

पाचवा संपता संपता भावजय बाकावर बसली. तिच्या आधी तिथं दोघी होत्या, त्यांचेही महिने इस्त्रीताईंनीच चढवलेले. इस्त्रीताईंना वाटलं, जिंकलो. पण बाकाची मजुरी चादरींवर नव्हती, रोजावर होती, आणि ती रोलरच्या निम्मी. घरात पैसे निम्मे आले की जेवण कुणाच्या ताटातलं निम्मं होतं, हे काय सांगायला हवं? भाऊ दिवसभर वणवण करून येई, मुलगी अंगावर पीत होती ती सोडवून तिला वरचं दूध सुरू केलेलं. उरेल ते भावजयीचं. सकाळी चहात पाव बुडवून निघायची ती थेट संध्याकाळी जेवायची. राहायला तिसऱ्या मजल्यावर, नळ खाली चौकात, पाण्याच्या बादल्या तिनंच चढवायच्या. आणि कमी पडतंय म्हणून टॉवेलांच्या कडा शिवायचं काम घरी आणायला लागली होती, तेही नणंदेला न सांगता. पायांना बाक मिळाला आणि बाकी सगळी आगीतून फुफाट्यात पडली. इस्त्रीताईंना यातलं निम्मं माहीत होतं. उरलेलं निम्मं त्यांनी विचारलं नाही, आणि ते न विचारणं पुढे त्यांना फार जड गेलं.

एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपली तेव्हा भावजय बाकावरून उठलीच नाही. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती. इस्त्रीताई जवळ गेल्या.

"काय होतंय गं?"

"कंबर दुखतेय. सकाळपासून."

"सकाळपासून? आणि आता सांगतेस?"

"मला वाटलं थांबेल."

इस्त्रीताईंनी तिच्या कमरेला हात लावून पाहिला. त्यांनी मनात खरा हिशेब केला. सात महिने आणि वर थोडे दिवस. मुकादमानं माल पोचवायच्या टेम्पोत दोघींना बसवून दिलं. चादरींच्या गाठोड्यांवर भावजय आडवी झाली. इस्पितळ येईपर्यंत ती एकदाही ओरडली नाही, फक्त नणंदेचं मनगट धरून होती.

इस्पितळात कागद दाखवला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, एका वेळी तीन बायकांकडे बघत होत्या. कागदावर नजर टाकून म्हणाल्या, "नववा संपत आलाय. वेळेवरच आहे. होईल मोकळी रात्रीपर्यंत." भावजयीला आत नेलं, दार लागलं, आणि इस्त्रीताई बाहेरच्या लाकडी बाकड्यावर बसल्या. तेव्हा दोन वाजले होते.

आता सांगावं, असं त्यांना बसल्या बसल्याच वाटलं. मग दुसरा विचार आला. सांगितलं तर कागद बदलणार. रजेसाठी इस्पितळाचा कागद मुकादमाकडे जातो. मुकादम विचारणार, हा महिना आणि तो महिना वेगळा कसा? एकीचा पत्ता लागला की सगळ्यांचा लागला. बाकावरच्या दोघी उद्या सकाळी रोलरला उभ्या, एक तर आधीच सुजलेली. भावजयीची जागा गेली, म्हणजे भावाच्या घरातली चूल गेली. आणि सांगून होणार काय? डॉक्टर आहेत, त्यांना बघून कळत नसेल? बाळ यायचं तेव्हा येणार, कागद बघून थोडंच येतं? असं स्वतःला समजावत त्या बसून राहिल्या. आयुष्यभर जिनं कुणाची भीड ठेवली नाही, ती बाई झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसली. तीन वाजले, चार वाजले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांची सून आत होती. नर्स येऊन त्यांना म्हणाली, "घाबरू नका आजोबा. आठवा पुरा झालेला नाही, म्हणून तिला इंजेक्शन दिलंय. बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, ती त्यानं लवकर तयार होतात. एक आज, एक उद्या. कळा थांबवायचं औषधही लावलंय. तेवढे दोन दिवस निघाले की बाळाला श्वास घ्यायला सोपं जाईल."

इस्त्रीताईंनी हे ऐकलं. खरा महिना कशासाठी विचारतात, हे त्यांना तेव्हा कळलं, वीस वर्षं तो चढवून झाल्यावर. त्या उठल्या आणि ज्या दारावर आत येऊ नये असं लिहिलं होतं ते ढकलून आत गेल्या. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या.

"बाई, कागद खोटा आहे. माझ्या भावजयीला सातच झालेत. मीच खोटी तारीख सांगायला लावली."

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला. "सात आणि किती?"

"सात आणि आठ-दहा दिवस."

"कधीपासून बसलाय तुम्ही बाहेर?"

"दोनपासून."

भिंतीवर घड्याळ होतं. साडेचार वाजत आले होते. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, रागावल्या नाहीत, नर्सला हाक मारून भराभरा काहीतरी सांगितलं आणि आत पळाल्या. त्या रागावल्या असत्या तर इस्त्रीताईंना बरं वाटलं असतं.

इंजेक्शन दिलं, औषध लावलं, पण कळा थांबायच्या पलीकडे गेल्या होत्या. साडेसातला मुलगी झाली. वजन दीड किलोही नाही. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी, आणि लगेच तिला काचेच्या पेटीत ठेवलं. एवढ्याशा छातीची हाडं प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. काचेबाहेर उभ्या राहून इस्त्रीताई तिचे श्वास मोजत होत्या, दिवसभर चादरी मोजत तशा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर एक फॉर्म घेऊन बसल्या. आई किती तास उभी असायची? आधीचं मूल केवढं? पाणी कुठून आणते? दिवसातून किती वेळा जेवते? घरात कमावणारे किती? इस्त्रीताई एकेक उत्तर देत गेल्या, आणि जी उत्तरं त्यांना येत नव्हती ती भाऊ मान खाली घालून देत होता. टॉवेलांच्या कडांचं त्यांना तिथंच कळलं.

"म्हणजे मी हिला बसवलं, ते काही कामाचं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"कामाचं होतं. पुरेसं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच कारणानं असं होतं असं नाही, बाई. कधी कारण सापडतही नाही. पण इथं बघा, सगळंच एकीच्या अंगावर आलंय."

"आणि मी दोनलाच सांगितलं असतं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कदाचित कळा थांबवता आल्या असत्या. कदाचित नसत्याही. मला खरंच सांगता येणार नाही."

नाही म्हणाल्या असत्या तर माणूस सुटला असता, हो म्हणाल्या असत्या तर निदान शिक्षा तरी मिळाली असती. हे मधलंच उत्तर इस्त्रीताईंच्या वाट्याला आलं. मुलगी चार दिवस लढली. चौथ्या दिवशी सकाळी पेटीजवळची नर्स हळूच म्हणाली, आईला घेऊन या. भावजयीनं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते तेव्हा. भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. त्या अर्ध्या तासाबद्दल इस्त्रीताई कधीच कुणाशी बोलल्या नाहीत, तेव्हा आपणही ते राहू देऊ.

आठ दिवसांनी त्या इस्पितळाचा कागद घेऊन मुकादमाच्या खोलीत गेल्या. जे व्हायचं ते होऊ दे, असं ठरवूनच. मुकादमानं कागद वाचला. खरा महिना तिथं ठळक लिहिला होता. त्यानं कागदाची घडी घातली आणि खणात टाकली.

"तुम्हाला काही विचारायचं नाही?" इस्त्रीताईंनी विचारलं.

"काय विचारू? मला काय मोजता येत नाही का? या बाकावरची प्रत्येक बाई साडेदहा महिन्यांची गरोदर असते. बारा वर्षं बघतोय."

इस्त्रीताईंनी खणाकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. वर कळवलं असतं तर वरच्यांनी बाकच काढून टाकला असता. म्हणून मी गप्प." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमच्या भावजयीचं ऐकून वाईट वाटलं."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर इस्त्रीताईंनी त्याला तिथंच सोलून काढलं असतं. पण ज्याच्यापासून लपवायला त्या अडीच तास तोंड दाबून बसल्या, त्याला ते बारा वर्षं माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं सगळेच चोर, आणि चोरायचं काय, तर बसायची जागा. त्या तशाच खोलीबाहेर आल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी भावजयीला सगळं सांगितलं. ती अंथरुणावर पडून होती, मोठी लेक शेजारी झोपलेली.

"मला दोन वाजताच सांगता आलं असतं," इस्त्रीताई म्हणाल्या. "मी साडेचारपर्यंत गप्प बसले. मला बाकाची काळजी पडली होती."

भावजय छताकडे बघत होती. "हं," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. बस, तेवढंच. इस्त्रीताई समजल्या. तिनं शिव्या दिल्या असत्या, परत तोंड दाखवू नका म्हणाली असती, तरी त्यांनी ते खाली मान घालून घेतलं असतं. ते 'हं' मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

सहा आठवड्यांनी भावजय कामावर परत आली. तिची जागा होती तिथंच, नणंदेसमोर. पुन्हा चादर, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. घडी घालताना दोघींची बोटं एकमेकींना लागत, पण बोलणं कामापुरतं. इस्त्रीताईंनी आपल्या बाजूनं चादरीचा भार जास्त ओढायला सुरुवात केली होती, रात्री खांदा वर उचलत नसे. भावजयीला ते कळत होतं की नाही, कोण जाणे. मजल्यावरच्या बायकाही जपून बोलत. इस्त्रीताईंशी वाद घालायची आता कुणाला भीती वाटत नव्हती, आणि हेच सगळ्यांना खटकत होतं.

एक दिवस चहाच्या सुट्टीत टॉवेलांकडे काम करणारी नवी पोरगी आली. तिला दिवस गेले होते. रीतीप्रमाणे इस्त्रीताईंसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, माझी तारीख काढून द्या ना."

 नाही म्हणावं तर ती आणखी तीन महिने उभी राहणार. हो म्हणावं तर कुठल्या तोंडानं? इस्त्रीताईंनी पेला तसाच धरून ठेवला. तेवढ्यात शेजारून भावजय बोलली.

"कितवा चाललाय, खरा?"

"चौथा."

"मुकादमाला हवा तो सांग. पण इस्पितळात जायची वेळ आली तर आत पाऊल टाकल्या टाकल्या खरा महिना सांग. कुणी विचारायची वाट बघू नकोस. कागदावर काही का असेना."

"आणि त्यांनी इथं कळवलं तर?"

"कळवू दे." भावजय म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण आता चहा पिणाऱ्या सगळ्याच तिच्याकडे वळल्या होत्या. "मला दोनदा विचारलं होतं डॉक्टरीणबाईंनी. एकदा आत नेल्यावर. मग तासाभरानं पुन्हा, पोट बघून, नर्सला बाहेर पाठवून. म्हणाल्या, खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, नववा. दोन्ही वेळा. मला आपली ही बाकावरची तोंडं दिसत होती. ताईंनी उशिरा का होईना सांगितलं तरी. मी नाही सांगितलं."

इस्त्रीताईंनी पेला खाली ठेवला. ते 'हं' त्यांच्यासाठी नव्हतंच. किती दिवस दोघी एकाच चादरीची टोकं धरून समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं, बाळ आपण घालवलं. वीस वर्षांची पोर हे एकटीनं घेऊन रोज कामावर येत होती, आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत बघायचंच टाळलं होतं.

"अगं, तू कळा देत होतीस," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुझा काय दोष त्यात? खोटं माझं होतं."

"खोटं तुमचं होतं, ताई," भावजय म्हणाली. "पण मूल माझं होतं."

इस्त्रीताईंनी तिला जवळ ओढलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, रोलर सुरू झाला, पहिली चादर बाहेर आली आणि धरायला कुणी नाही म्हणून खाली सांडली, मग दुसरी, मग तिसरी. मुकादम दारात येऊन उभा राहिला, त्यानं पाहिलं, आणि स्वतःच जाऊन यंत्र बंद केलं.